कानासाठी निवडलेली पुस्तकं : नौपाड्यातल्या वाचनाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आजपासून कामाला सुरुवात. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशा तीन ओळखीच्या माणसांसाठी मराठी आत्मचरित्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायच्या. शक्यतो एक आत्मचरित्र, मग एक कादंबरी. पुस्तक संपलं की माझं मत इथे लिहायचं आणि ऐकणाऱ्यांचं आलं की तेही.

पहिल्या ऐकणाऱ्या चरईतल्या काकू. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. काचबिंदूने नजर गेली. दुसरे कळव्याचे आजोबा. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य गेलं. आता नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, पण अक्षर लागत नाही. तिसरी कोपरीची मैत्रीण, जन्मापासून दृष्टिहीन, बँकेत नोकरी करते, पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या टॉकबॅकवर फोन सराईतपणे चालवते. ई-पुस्तक असेल तर यंत्राच्या आवाजात ती ते ऐकतेच. पण जुनी मराठी पुस्तकं त्या रूपात फारशी मिळत नाहीत, म्हणून माझी गरज. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "तू नुसतं वाच, नाटक करू नकोस. रडायचं कुठे ते माझं मला कळतं."

पुस्तकं मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणणार. योगायोग असा की आज त्याचा स्थापना दिवस. १ जून १८९३ रोजी 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने ते सुरू झालं. ठाण्यात राहून पुस्तकं मिळत नाहीत अशी तक्रार करायला जागाच नाही.

३ जून

हक्कांचं आधी नीट बघून घेतलं. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. रमाबाई रानडे १९२४ साली गेल्या, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली; त्यांची पुस्तकं मोकळी आहेत. बाकीच्यांसाठी कायद्यातली २०१२ सालची दुरुस्ती उपयोगी पडते. छापील पुस्तक ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, नफा न घेता, त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात प्रत करता येते. दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश कराराला २०१४ साली सगळ्यांत आधी मान्यता देणारा देशही भारतच. मात्र प्रत ज्यांच्यासाठी केली त्यांच्यापुरतीच राहिली पाहिजे. तिघांनाही सांगितलं, फाइल पुढे पाठवायची नाही. आजोबांना ते पटायला वेळ लागला. चांगली गोष्ट वाटू नये असा कसा कायदा, म्हणाले. लेखकाच्या घरची चूल त्याच्यावर चालते असं सांगितल्यावर लगेच मान्य केलं.

८ जून, रविवार

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) वाचून झालं. पहिलं हेच घेतलं, कारण त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची नजर अधू होती आणि रमाबाई त्यांना वाचून दाखवत. जिने दुसऱ्यासाठी इतकं मोठ्याने वाचलं तिची वाक्यं तोंडात कशी बसतात ते पाहायचं होतं. उत्तम बसतात. श्वास कुठे घ्यायचा ते वाक्यच सांगतं.

पुस्तकाचा नायक मात्र आधीच ठरलेला आहे, आणि त्याच्या पुढे यायचं रमाबाई मनावरच घेत नाहीत. अपवाद घरातल्या बायकांच्या प्रसंगांचा. शिकणाऱ्या सुनेला दिवसभर टोमणे, अबोला, आणि नवऱ्याकडे रोजचा धडा. दोन्हीकडची मर्जी सांभाळताना या मुलीची जी ओढाताण झाली ती त्या तक्रारीचा सूर न लावता सांगतात, आणि तेवढ्यापुरत्या न्यायमूर्ती मागे सरून त्या स्वतः दिसतात. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेला चहा आणि त्याबद्दलचं नंतरचं प्रायश्चित्त हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटला. ज्या माणसाला देवाच्या जागी मानलं त्याने माघार घेतली, हे लिहिताना त्यांची लेखणी फार जपून चालते. ते जपणं आवाजात ऐकू येतं. डोळ्यांनी वाचताना मी त्यावरून सरळ पुढे गेले असते.

काकूंचा संध्याकाळी फोन. "अगं, त्यांनी सगळं सांगितलेलं नाही. पण जे सांगितलं नाही ते नेमकं कुठे आहे, हे कळेल असं ठेवलंय." माझ्या मताच्या जागी हेच वाक्य ठेवलं तरी चालेल.

११ जून

तांत्रिक. काकूंकडे पेनड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर आहे, मुलाने भजनं ऐकायला आणून दिलेला. तो फाइली नावाच्या क्रमाने वाजवतो, म्हणजे १ नंतर थेट १०. त्यामुळे नावं ०१, ०२ अशीच द्यायची. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला पुस्तक, प्रकरण आणि पान क्रमांक बोलायचा. मैत्रीण म्हणते, पुढेमागे डेझीत करू. बोलक्या पुस्तकांचं ते स्वरूप असं की एका मथळ्यावरून थेट दुसऱ्यावर जाता येतं. तोवर एका प्रकरणाची एक फाइल.

जागा ठरली. कपाटाची दोन्ही दारं उघडी, त्यांवर गोधड्या, मध्ये स्टूल. पंखा बंद. वेळ पहाटेची, शेजारच्या कुकरची पहिली शिट्टी होण्याआधीची. खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की थांबायचं.

२१ जून

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ चा, चौथा १९३६ चा. चारही भाग वाचायचे ठरवले आहेत. आज पहिला पूर्ण झाला, दुसरा निम्मा.

या पुस्तकाचं नाव निघालं की सगळे म्हणतात, किती हसतखेळत लिहिलंय. मला हे कौतुक अपुरं वाटतं. लक्ष्मीबाई हसवतात ते ऐकणारा उठून जाऊ नये म्हणून. तो नीट बसला की त्याच सुरात एखादी भयंकर गोष्ट सांगून टाकतात. वडिलांचं सोवळं घ्या. मनात वाचताना ते विनोदी प्रकरण वाटतं. मोठ्याने वाचताना वेग आपोआप कमी होतो आणि त्या घरातली मुलं दिसायला लागतात. एका माणसाच्या भीतीपायी सगळं घर धुऊन काढलं जातंय, बायको-पोरं त्यात पिळून निघताहेत, आणि बाहेरच्या कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही. मी वाचताना हसले नाही. मैत्रीण म्हणाली, मीही नाही.

टिळकांबद्दलही, म्हणजे त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांच्याबद्दलही, तेच. बाहेरच्या जगासाठी हात सैल, घरात तापट, न सांगता निघून जाणारे. असा नवरा लिहायचा तर एकतर त्याला संत करायचं किंवा त्याच्यावर आरोपपत्र ठेवायचं, हे दोन सोपे रस्ते. लक्ष्मीबाई त्यातल्या एकानेही जात नाहीत. त्या त्याच्यावर रागावतात, त्याला हसतात, त्याची वाट बघतात, आणि हे सगळं एकाच पानावर. राग आणि माया यांच्यामध्ये त्या 'पण' घालत नाहीत, म्हणून दोन्ही खरे वाटतात.

आजोबांचा फोन. "टिळकांना पगार किती होता, पोरी?" त्यांना घर कसं चाललं ते कळल्याशिवाय माणूस कळत नाही. सुदैवाने लक्ष्मीबाई पैशाबद्दल मोकळेपणाने बोलतात, त्यामुळे आजोबा खूश आहेत.

२९ जून, रविवार

'स्मृतिचित्रे' पूर्ण. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तिथून लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे येईपर्यंतची पानं आणि त्यापुढची काही, हा मराठी गद्यातला सर्वोत्तम भाग आहे असं मी आज ठामपणे म्हणते. नवरा ख्रिस्ती, आपण नाही. त्याच्याकडे राहायला गेल्या तरी पाणी वेगळं, चूल वेगळी. मग एकेक बंधन सुटत जातं, कधी विचाराने, कधी नाइलाजाने, कधी नुसतं कंटाळून. १९०० साली त्या स्वतः बाप्तिस्मा घेतात तोवर वाचकाला धक्का बसत नाही, कारण तो पायरीपायरीने त्यांच्याबरोबर आलेला असतो. माणूस मत बदलतो तेव्हा नेमकं काय होतं, हे इतक्या बारकाईने सांगणारं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही. आजकालच्या आत्मचरित्रांत माणसं एका प्रसंगात बदलतात. पावसात भिजतात आणि बदलतात, भाषण ऐकतात आणि बदलतात. माझा त्यावर विश्वास बसत नाही.

१९१९ नंतरची, टिळक गेल्यावरची पानं अनेकांना उतरती वाटतात. मला नाही वाटत. टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' पुढे नेणारी ही बाई त्या पानांत एकटी आहे आणि तिचा आवाज किंचित खाली आलेला आहे. तो खाली यायलाच हवा होता.

काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं मी यातला हसवणारा तुकडा शिकवला. मुलांना पुढचं सांगायला हवं होतं." मग बराच वेळ पुढच्याबद्दलच बोलत होत्या. तो फोन मी रेकॉर्ड करून ठेवायला हवा इतका चांगला होता.

६ जुलै, रविवार

आषाढी. सकाळपासून भजनं, रेकॉर्डिंग बंद. वेळ होता म्हणून पुढच्या निवडीसाठी एका नामवंताचं अलीकडचं आत्मचरित्र चाळलं. नाव लिहीत नाही. सत्कार, दौरे, कोण कोण भेटलं, कोण काय म्हणालं. लहानपणची गरिबी एका प्रकरणात उरकली आहे, आणि आई फक्त त्यागापुरती येते. यादीतून काढलं. पहाटेचा वेळ मोजका असतो, तो यावर घालवणार नाही.

१० जुलै

'रणांगण'. विश्राम बेडेकर, १९३९. युरोपातून मुंबईला येणारी बोट, चक्रधर, आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी हॅर्टा. छोटीशी कादंबरी, पण वाचायला मला सगळ्यांत जड गेली. चक्रधर पहिल्या अर्ध्यात नकोसा वाटतो. एका जुन्या दुखापतीचा सूड तो समोर येईल त्या बाईवर उगवतो आणि त्याला स्वतःच्या कोरडेपणाचं कौतुकही आहे. पण मला वाटतं, बेडेकरांना हे पुरतं ठाऊक आहे. शेवटी हॅर्टाची पत्रं येतात आणि कादंबरी चक्रधरच्या हातातून निघून जाते. इतका वेळ बोलत असलेला माणूस गप्प होतो आणि जिला कुठेच उतरू दिलं जात नाही ती बोलायला लागते. या रचनेला तोड नाही.

पत्रं वाचताना आवाज बदलायचा मोह झाला. बदलला नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेही १९३९ सालीच. त्या माणसांचं पुढे काय होणार आहे हे लिहिताना बेडेकरांना कळायचा काही मार्ग नव्हता, आणि आपण ते माहीत असूनच वाचतो. त्यामुळे बोटीवरच्या थट्टामस्करीचीही पानं आता ऐकवत नाहीत. मैत्रिणीने पत्रांची फाइल परत ऐकली. बाकी काही बोलली नाही, पुढचं पुस्तक कधी एवढंच विचारलं.

१८ जुलै

'सांगत्ये ऐका'. अभिनेत्री हंसा वाडकर यांनी अरुण साधूंना सांगितलेली आणि आधी 'माणूस' साप्ताहिकात आलेली हकिकत. पुस्तक १९७० चं. नाव त्यांच्याच १९५९ च्या चित्रपटाचं.

इतक्या दिवसांच्या मोठ्याने वाचण्यात जे थोडंथोडं जाणवत होतं ते या पुस्तकाने स्वच्छ केलं. आत्मचरित्र टिकतं ते समोर कोणीतरी बसलेलं असतं तेव्हा. एक माणूस डोळ्यांपुढे ठेवून सांगितलं की खोटं बोलणं अवघड जातं, आणि लांबण लावणंही. लक्ष्मीबाईंची पानं ऐकताना समोर घरातलं माणूस बसलेलं वाटतं. रमाबाईंच्या समोर न्यायमूर्तींची आठवण आहे. इथे तर खरोखरच एक तरुण पत्रकार समोर बसला आहे. 'समाजा'साठी किंवा 'पुढच्या पिढी'साठी लिहिलेल्या आठवणी कानाला लगेच पोकळ लागतात, हे मी आता पान उघडल्याबरोबर ओळखते.

हंसाबाई स्वतःची वकिली करत नाहीत. दारू, पुरुष, घर सोडणं, परत येणं, मुलीपासून तुटणं. प्रत्येक ठिकाणी 'माझी परिस्थितीच तशी होती' म्हणायची सोय होती. त्या फार क्वचित ती घेतात. काय झालं ते सांगतात आणि पुढे जातात. वाक्यं लहान, विशेषणं जवळजवळ नाहीत. साधूंनी स्वतःला पूर्ण पुसून टाकलं आहे. तरी कुठे त्यांनी प्रश्न विचारला असेल ते कानाला कळतं, कारण तिथे हंसाबाई एकदम एखादं वर्ष मागे जातात.

मैत्रीण : "समोर साधू नसता, एखादी बाई असती, तर तिने हेच सांगितलं असतं?" यावर तासभर बोलणं झालं. तिचं म्हणणं, बाईला जास्त सांगितलं असतं. माझं म्हणणं, कमी. बाईसमोर तिला लाज सांभाळावी लागली असती.

काकूंच्या माहेरी 'माणूस' येत असे, पण हे अंक त्यांच्या हाती लागू दिले गेले नाहीत. आता सगळं ऐकलं. "यात लपवण्यासारखं काय होतं?" एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग होता.

२७ जुलै, रविवार

साधूंच्या मागोमाग त्यांचीच 'सिंहासन' (१९७७). मंत्रालय, मुख्यमंत्री होऊ पाहणारे, मोर्चे, आणि सगळीकडे फिरणारा वार्ताहर दिगू टिपणीस. तोही ऐकणाराच, फक्त त्याला प्रत्येक जण स्वतःच्या सोयीचं सांगतो. हंसाबाईंचं ऐकून घेणाऱ्या लेखकाने काही वर्षांनी हे पात्र लिहिलं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. दिगूवर येणारा ताण मला आधीच्या वाचनात राजकारणाचा वाटला होता, आता तो ऐकण्याचा वाटतो.

वेग अफाट, पण पात्रं इतकी की कानाने ऐकणाऱ्याला मागे पान उलटून बघता येत नाही. म्हणून '०० कोण कोण आहे' अशी एक वेगळी फाइल करून दिली. ती तिघांनाही आवडली. पुढे मोठ्या कादंबऱ्यांना करायचीच.

आजोबांना कादंबरी आवडली आणि त्यांनीच तिचं वर्मही काढलं. "पुढारी बरोबर पकडलाय. पण संप चालू असताना कामगाराच्या घरी काय शिजत होतं ते यात नाही." मला हे पूर्ण मान्य आहे. सत्तेच्या माणसांची भूक साधू जवळून दाखवतात. दुसरी भूक त्यांनी लांबून पाहिली आहे.

५ ऑगस्ट

'बलुतं' (दया पवार, १९७८, ग्रंथाली) आणि त्याला लागूनच 'जिणं आमुचं' (बेबी कांबळे, १९८६). कादंबरीचा क्रम इथे मुद्दाम मोडला. ही दोन लागोपाठ ऐकायला हवीत.

'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. म्हणजे गावकुसाबाहेरचा पोरगा शिकून शहरात आलेल्या स्वतःलाच सांगतोय, आणि ऐकणाऱ्याला त्याची थोडी लाज आहे, थोडा ताप आहे. मराठीत समोर बसवलेला याहून अवघड श्रोता मी पाहिलेला नाही. गाव आणि मुंबईतली कावाखान्याची वस्ती यांच्यात लेखक सारखा येरझारा घालतो आणि कुठेच घरचा होत नाही. स्वतःच्या संसाराबद्दल लिहितानाही तो स्वतःला सोडत नाही. काही पानांवर त्याचा राग आला; तो यावा अशीच ती लिहिलेली आहेत. आजोबांनी कावाखान्याचा भाग परत मागवून ऐकला. हे असं आम्हाला गिरणगावात असून दिसलं नव्हतं, म्हणाले.

तरीही कानाला 'जिणं आमुचं' मोठं. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता बेबीताईंनी हे कागदांवर लिहिलं आणि वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. फलटणलाच राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना ते कळलं आणि त्यांच्या आग्रहामुळे ते बाहेर आलं. असं लपवलेलं लेखन दबक्या आवाजातलं असेल अशी आपली समजूत असते. इथे आवाज मोकळा, चढा, भर वस्तीत उभं राहून बोलणाऱ्या बाईचा आहे. स्वतःच्या लग्नाबद्दल त्या पुस्तकात जवळजवळ काहीच सांगत नाहीत. वस्तीचं सांगतात : आषाढातले देव, अंगात येणं, लहान वयात लग्न होऊन आलेल्या सुना, पहाटेपासूनचं दळण, सासवांचा जाच, ज्या बाळंतिणीला पोटाला काही नाही ती. बाळंतिणीचं प्रकरण मी एका दमात वाचू शकले नाही. भूक इथे शरीरात कुठे कुठे लागते ते लिहिलेलं आहे, आणि लिहिणारीने ते पाहिलेलं आहे.

त्यांचा श्रोता ठरलेला आहे. बाबासाहेबांमुळे शिकले, नोकरीला लागले आणि मागच्यांना विसरले, त्या आपल्याच माणसांना त्या जाब विचारतात. ती पानं वाचताना मी त्या बोलण्याच्या बाहेर उभी आहे हे मला माहीत होतं. मैत्रिणीशी आधी बोलले. ती म्हणाली, "तू तिच्या वतीने बोलू नकोस, तिचा निरोप पोचव." तसंच वाचलं, चढ-उतार न देता, शब्द स्पष्ट ठेवून.

काकूंनी यावर अजून मत दिलेलं नाही. ऐकून झालंय, पण बोलायचं नाही म्हणाल्या. थांबते.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी. आदल्या रात्रीपासून ठाण्यात कुणी काही रेकॉर्ड करू शकेल अशी स्थिती नव्हती. आज शांतता आहे, 'कोसला'चा शेवटचा भाग झाला.

नेमाड्यांची १९६३ ची ही कादंबरी मोठ्याने वाचायलाच लिहिली आहे असं आता वाटतं. पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्याच्या लकबी पानावर कधी कधी अंगावर येतात. आवाजात त्या पटकन माणसाच्या होतात. पुण्यातल्या होस्टेलचा भाग ऐकून आजोबा इतके हसले की सूनबाई बघायला आल्या. मग त्याची बहीण मनी जाते. लेखक तिथे काहीही बदलत नाही, तोच मुलगा, तेच बोलणं, फक्त त्याला आता बोलणं थांबवता येत नाही. बहिणीच्या मृत्यूवर मराठी कादंबरीत याच्या जवळ जाणारं काही नाही.

आईवडिलांबद्दलचं, विशेषतः वडिलांबद्दलचं, मला या वेळी जास्त कठोर वाटलं. पांडुरंगाला सगळे दिसतात, पण सगळ्यांचं ऐकून घेण्याइतका तो थांबत नाही. कोणी म्हणेल, तेच तर त्याचं वय. असेल. बाप कसा शेती करतो हे त्याने एकदा नीट ऐकायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं. म्हणून पुढची 'बारोमास'.

२४ ऑगस्ट, रविवार

'बारोमास', सदानंद देशमुख. साहित्य अकादमी पुरस्कार २००४. शिकून बेकार राहिलेला एकनाथ, शेती, कर्ज, घरातली भांडणं. संवाद बुलढाण्याकडच्या बोलीत. ती बोली माझ्या तोंडात नाही आणि नक्कल करायची नाही. मानपाड्याला राहणारा ऑफिसमधला एक सहकारी त्याच भागातला आहे. त्याला विचारलं. तो आला, पहिलं पान वाचलं आणि थांबला. "असं माझी आजी बोलते. मी ऑफिसात कधी बोललो नाही." आता निवेदन मी वाचते आणि संवाद तो. भांडणाच्या प्रसंगांत फरक इतका आहे की माझ्या आवाजातल्या आधीच्या फाइली काढून टाकल्या. भाव पडला, बियाणं आणायचं कशातून, असल्या वाक्यांना तो जो ठोका देतो तो मला कितीही सरावाने आला नसता.

आजोबांसाठी ही कादंबरी सोन्याहून पिवळी. पै-पैचा हिशेब आहे.

बुधवारी गणपती. आता ६ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत रेकॉर्डिंग नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

'रिंगाण', कृष्णात खोत. साहित्य अकादमी पुरस्कार २०२३. धरणात गाव गेलं, माणसं दुसरीकडे नेऊन वसवली, आणि एक माणूस मागे सुटलेल्या म्हशीसाठी परत जुन्या मुलखात जातो. एवढ्यावर कादंबरी उभी आहे. माणसं कमी, जंगल, पाणी, जनावर. म्हैस आता रानटी झाली आहे आणि त्याला ओळखते की नाही कळत नाही, त्या पानांवर मी खुर्चीच्या कडेला बसून वाचत होते. विस्थापनावरचं लेखन बहुतेक वेळा सरकारी कागद, मोबदला, मोर्चे यांतून जातं. खोत ते जनावराच्या डोळ्यांतून आणि वासातून सांगतात. काही ठिकाणी तोच विचार फिरून फिरून येतो आणि लांबतो, हे खरं. ऐकताना मात्र ते लांबणं माणसाच्या स्वतःशी बोलण्यासारखं वाटतं. तो एकटाच आहे, दुसरं कोण ऐकणार.

आमच्या नळाला शहापूरच्या भातसा धरणाचंही पाणी येतं. तिथेही कुणाचं तरी शिवार होतं. हे मी रेकॉर्डिंगच्या शेवटी बोलले नाही, इथे लिहून ठेवते.

काकूंचा आज फोन आला, 'जिणं आमुचं'बद्दल. त्यांच्या माहेरी दळण-कांडण करायला एक बाई येत. त्यांचं नाव काकूंना आठवत नाही, कारण घरात कुणी ते घेतच नसे. पुस्तक ऐकल्यापासून त्या ते नाव आठवायचा प्रयत्न करताहेत, गावाकडच्या चुलत बहिणीलाही विचारलं. तिला आठवतंय का ते पुढच्या आठवड्यात कळेल.

आजोबांना धरणग्रस्तांना पैसे किती आणि कसे मिळाले ते हवं आहे. 'रिंगाण'मध्ये ते मिळणार नाही. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त (१९९१) मिळेल. जाडजूड आहे, '०० कोण कोण आहे' फाइल लागेल. संग्रहालयातली प्रत बाहेर गेली आहे. नाव नोंदवून आले.